एकतीस नंबरची पाई

"सहा फूट अकरा इंचांचा पोरगा, आणि तो आपल्या ऑडली कॉलेजात येतोय? पाणी कुठेतरी मुरतंय," बड क्रॅम्प्टन म्हणाला आणि मऊ पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत राहिला.

मी कॉफीचं भांडं घेऊन उभी होते. हॉटेल माझं, पण खिडकीजवळचं टेबल सकाळच्या वेळी बड आणि मंडळींचंच. बडचं पशुखाद्याचं दुकान आहे. जन्मात कधी बास्केटबॉलच्या कुठल्या संघात खेळला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आख्ख्या इंडियाना राज्यात असा एकेक बड गावोगाव सापडतो, आमच्या वाट्याला जरा जास्तच आलाय.

"गुडघा गेलेला असणार," मी म्हणाले. "नाहीतर डोकं."

"तीन वर्षांत हे तिसरं कॉलेज, लोइस! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मलाकाय ओडम म्हणे. पहिल्या ठिकाणी कोचशी पटलं नाही, दुसऱ्या ठिकाणी बाकावर बसवला. बसवला का, ते सांगतंय का कोणी? अळीमिळी गुपचिळी!"

"पण दांडगा गडी हवा होताच ना आपल्याला? गेल्या वर्षी समोरचे आपल्या बास्केटखाली घर बांधून राहत होते. एकाचीही त्यांना हुसकावायची छाती नव्हती," मी म्हणाले.

"हवा होता. पण दांडग्याच्या हातात बॉल नेऊन देणार कोण? आपली सगळी शहाणी लांबूनच फेकतात. त्याला काय खांबासारखा उभा करायचाय?"

"कोल्बी देईल," ऑर्विल म्हणाला.

सगळ्यांनी आपापल्या ताटलीत डोकं घातलं. ऑर्विल स्टॅम्पर म्हणजे आमच्या गावातला मोठा माणूस. मोठ्या विद्यापीठाच्या संघाला ऑडलीने एकदाच हरवलं, तेव्हा शेवटची बास्केट ह्याची. पाठीवर एकतीस नंबर. पुढे त्याच्या मुलाने तोच नंबर घातला, आणि आता नातू कोल्बी घालतो. घालतो म्हणजे घालून बाकावर बसतो. तीन वर्षं झाली, अजून सामना हातातून गेल्यावर शेवटी जरा उठवतात. ऑर्विलचं वय झालंय, छातीत यंत्र बसवलंय. त्याला आयुष्यात आता एकच गोष्ट बघायची आहे. तो एकतीस नंबर सुरुवातीच्या पाचांत उभा राहिलेला.

आणि कॉलेज ठरावीक पोरांचाच खर्च उचलतं. नवा आला की जुना एक जातो. कोण जाणार ते टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त ऑर्विलसमोर बोलायची कोणाची टाप नव्हती.

"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," बड माझ्या कानाशी पुटपुटला. मी त्याच्या कपात गार कॉफी ओतली.

दर ऑक्टोबरात, सराव सुरू व्हायच्या आधी, मेथडिस्ट चर्चच्या तळघरात संघाला जेवण असतं. प्रत्येक जण घरून काहीतरी करून आणतो. पाई मात्र मी करते. प्रत्येक पोराला स्वतःची एक, सफरचंदाचं सारण भरून भाजलेली, आणि वरच्या पोळीवर त्याचा नंबर कापलेला. माझ्या सासूने सुरू केलं, ती गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. पाईवर नंबर आला की पोरगा गावाचा झाला, असं आमच्याकडे मानतात. पुढे मग तो कितीही वाईट खेळो, शिव्या देताना आपला म्हणून देतात.

त्यामुळे नंबर विचारायला मी कोच रेन्शॉच्या ऑफिसात फोन केला. त्यांच्या मदतनिसाने एकेक नंबर सांगितला आणि म्हणाला, "नवा ओडम, एकतीस."

"चुकलास रे बाबा. एकतीस कोल्बी स्टॅम्परचा."

"नाही मॅम. एकतीस ओडमचाच."

"मग कोल्बीचा कोणता?"

तो जरा अडखळला. "त्याचं अजून... ठरायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरायचंय म्हणजे काय? तीन वर्षं घाम गाळलेल्या पोराचं ठरायचंय, आणि काल आलेल्याचं ठरलं? मी फोन आपटला. कोणाला सांगायचं नाही असं मी मनाशी ठरवलं, आणि ते ठरवणं बड दुकानातून दुपारचं सूप प्यायला येईपर्यंत टिकलं. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याने ओळखलं.

"काढला!" तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "मी सांगत होतो! रविवारी मी स्वतः बघितलं, कोल्बी खोलीतून खोकी बाहेर काढत होता. आणि हा ताडमाड ओडम दारात उभा. खोलीसुद्धा त्यालाच दिली बहुतेक."

"ऑर्विलला बोलशील तर खबरदार."

"मी कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी ऑर्विल आला तो टोपी न काढताच बसला. अंडी मागवली आणि तशीच ठेवली. बड खिडकीबाहेर ट्रक मोजत होता, म्हणजे कोण बोललं ते मला कळलं.

"पोरगं तीन आठवडे घरी जेवायला आलं नाही," ऑर्विल म्हणाला. "फोन केला की म्हणतं, सराव आहे, आजोबा. सराव अजून सुरू तरी झालाय का? माझ्यापासून लपवतंय. लाज वाटत असेल त्याला."

"लाज त्या रेन्शॉला वाटायला हवी," मी म्हणाले, आणि मला तसं मनापासून वाटत होतं. "गोड बोलून गळा कापणारा माणूस. पहिल्यापासून नाही आवडला मला."

"पाई कर तू," ऑर्विल म्हणाला. "एकतीस घाल. कोणासमोर ठेवायची ते मी बघतो."

मी पाई केल्या. कोल्बीचीही केली, वर नुसत्या चिरा पाडल्या. ती कोरी पाई टोपलीत ठेवताना मला भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो, म्हणून चर्चमध्ये पोहोचेपर्यंत मी तीन माणसांवर खेकसले होते.

तळघर गच्च भरलं होतं. तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, सगळं नेहमीचं. ओडम दारातून वाकून आत आला. सगळी बायामाणसं त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती. लंगडतोय का? नाही. मग काय गडबड आहे? त्याने मला "थँक यू, मॅम" म्हटलं. मी हसले नाही. फार नम्र माणसाचा मला आधीपासूनच संशय येतो. कोल्बी त्याच्याच शेजारी बसला होता, खांद्याला खांदा लावून, आणि ते मला आणखीनच विचित्र वाटलं.

मी पाई मांडल्या. एकतीस ओडमसमोर. अजून मी हात काढते आहे तोच ऑर्विल उठला, टेबलाला वळसा घालून आला, ओडमच्या समोरची पाई उचलली आणि कोल्बीसमोर ठेवली. सगळ्यांचे काटेचमचे थांबले.

"हा नंबर माझ्या घरचा आहे," ऑर्विल म्हणाला. "कोच, तुम्हाला नातू नको असेल तर माझ्या तोंडावर सांगा. पण पोराच्या अंगावरचा शर्ट काढून उपऱ्याला घालता? आणि तू रे, एवढा उंच झालास, तुला दुसरा नंबर मिळाला नाही?"

ओडमने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. कोच रेन्शॉ खुर्ची मागे सरकवून उठायला लागले, पण कोल्बीने हाताने त्यांना थांबवलं.

"त्याने मागितला नाही, आजोबा. मी दिला."

"तू?"

"मीच. कोच म्हणाले होते, आजोबांना आधी सांग. म्हणाले, तू सांगेपर्यंत मी कोणाला सांगणार नाही. मला जमलं नाही."

मदतनीस का अडखळला ते मला तेव्हा कळलं. बड मात्र मागून म्हणाला, "मग खोकी कसली?"

"आम्ही एका खोलीत राहायला गेलो!" कोल्बी त्याच्यावर ओरडला. "बड, तुम्ही कधीतरी विचारा ना सरळ! तुम्ही सगळे विचारता, हा इथे का आला, इथे का आला. त्याला विचारलं का कोणी?"

कोणीच विचारलं नव्हतं. मी ह्या पोराबद्दल महिनाभर बोलत होते आणि त्याच्याशी बोललेला माझा एकही शब्द मला आठवेना. सगळे ओडमकडे बघायला लागले.

"ह्याच्यामुळे आलो," ओडम हळूच म्हणाला. "दोन कॉलेजांत मी हात वर करून उभा होतो. कोणी बॉलच दिला नाही. इथे बघायला आलो त्या दिवशी हा माझ्याबरोबर खेळला. प्रत्येक वेळी दिला."

"महिनाभर दोघं रोज आपणहून सराव करतायत," कोच म्हणाले. "ऑर्विल, कोल्बी पहिल्या पाचांत आहे. मी तुम्हाला आज सांगणारच होतो."

ऑर्विलने खुर्चीची पाठ धरली. जे ऐकायला हा माणूस जगत होता ते त्याला ऐकू आलं होतं, आणि चेहऱ्यावर आनंदाचं नाव नव्हतं.

"मग नंबर का दिलास?" त्याने विचारलं. "पाचांत होतास ना? मग घालायचा होतास की!"

"तो घातला की मी तुमच्यासारखा खेळायला जातो," कोल्बी म्हणाला. तो रडत होता आणि पुसतही नव्हता. "लांबून फेकायचा. शेवटची बास्केट मारायची. मला नाही येत ते, आजोबा. मला पास देता येतो. चुकलो की मागून आवाज येतो, ऑर्विलने हा टाकला असता. नंबर सोडला आणि महिन्याभरात मला खेळता यायला लागलं."

तो आवाज कितीदा माझा होता ते मी मोजत बसले नाही. मान खाली घालून उभी राहिले.

"मला वाटलं, तुला तो नंबर आवडायचा," ऑर्विल म्हणाला.

"तुम्हाला आवडायचा."

ऑर्विलने ती पाई पुन्हा उचलली, ओडमसमोर ठेवली आणि तिथेच त्याच्या खांद्याला धरून उभा राहिला. आधार हवा होता म्हणून की माफी मागायची म्हणून, मला सांगता येणार नाही. मग तो नातवाकडे वळला. एवढ्या माणसांसमोर त्याला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझी नजर गेलीय रे आता," तो म्हणाला. "वर प्रेक्षकांत बसून मला तोंडं दिसत नाहीत. मी तीन वर्षं तो आकडाच शोधत बसायचो. आता काय शोधू?"

"मला शोधा ना, आजोबा," कोल्बी म्हणाला.