गुळगुळीत माप

खण्ण! दुपारच्या सामसुमीत पत्र्याच्या घमेल्यात एक बटाटा पडला. तो माझ्यातूनच पडला. मित्रांनो, मी एक जुनी मापाची फळी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, मधोमध एक गोल भोक. मला दोन खोक्यांवर आडवी ठेवतात. भोकातून खाली जाईल तो बटाटा 'लहान', अडेल तो 'मोठा'. लहानाला भाव निम्मा. एवढंच माझं काम. पण डोंगरातलं एक अख्खं घर त्या भोकावर चालतं.

मला घरच्या आजोबांनी केलं. तेव्हा व्यापारी नवाच ट्रक घेऊन वर येऊ लागला होता. त्याने लोखंडाची एक कडी दिली. आजोबांनी ती माझ्यावर ठेवून तिच्या आतून पेन्सिल फिरवली आणि भोक कोरलं. वस्तीतल्या घरोघरी अशाच फळ्या झाल्या. कडी मात्र व्यापारी परत घेऊन गेला.

नव्या बटाट्याची साल बाळाच्या कातडीसारखी असते. खरखरीत लाकडाला लागली की सोलते, आणि सोललेला माल टिकत नाही. म्हणून दर हंगामाआधी आजोबा पॉलिश पेपर घेऊन माझ्यापाशी बसत. भोकाची कड घासत, बोट फिरवून बघत, पुन्हा घासत. व्यापारी ओसरीवर चहा पिताना हटकून म्हणायचा, "मामा, असली गुळगुळीत फळी अख्ख्या डोंगरात नाही!" आजोबा लाजायचे. मीही फुलून जायचे. किती मूर्ख होते मी!

असे चौदा हंगाम गेले. मोठ्यांची पोती कमी होत गेली, लहानांची वाढत गेली. "जमीन थकली," आजोबा म्हणत. खत वाढवलं, तरी तेच. मग बेण्यासाठी राखलेले बटाटेही विकावे लागले, आणि बेणं त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घ्यावं लागलं. यंदा आजोबांच्या मुलाने ठरवलं, की हाही माल असाच गेला तर वरचं शेत पडीक टाकायचं आणि खाली शहरात हमालीला जायचं. कपड्यांची पिशवी भरून त्याने खुंटीला टांगलीसुद्धा. बायकोने ती पाहिली.

पहिल्या खेपेला त्याचा पाय मुरगळला, म्हणून मालाबरोबर ती गेली. परतली ती लालबुंद होऊन. नवऱ्याला तिने सांगितलेलं मी सगळं ऐकलं.

खाली गोदामात व्यापाऱ्याच्या माणसांनी लहानांची पोती ओतली. तिनेच हिरव्या सुतळीने शिवलेली पोती ती! माल त्या लोखंडी कडीने पुन्हा मापला, आणि दहांतली चार पोती मोठ्यांच्या ढिगात गेली.

"हा माझा लहान माल ना? मोठ्यात कसा?"

"वहिनी, घाट उतरताना माल फुगतो," व्यापारी म्हणाला. हमाल खोखो हसले.

"मग मी पण फुगले असते की! सकाळपासून तुमच्याच ट्रकात बसलेय."

तेव्हा त्याचं हसू विझलं. "फळी तुमची, हात तुमचे, घासलीत तुम्ही. मी कधी बोट तरी लावलं का?"

मित्रांनो, खरंच त्याने बोट लावलं नव्हतं. नुसतं कौतुक केलं होतं!

हमालाच्या हातून कडी घेऊन, तिच्या आतून पेन फिरवून तिने पुठ्ठ्याची चकती कापून आणली होती. ती माझ्या भोकात धरली. चहूबाजूंनी करंगळीच्या नखाएवढी फट! दर हंगामाला घासून घासून भोक तेवढं वाढलं होतं. मग चकती घेऊन ती घरोघरी फिरली. सगळीकडे तेच. ज्या घरची निगा जास्त, त्या घरचं भोक मोठं. हा कुठला न्याय? आळशाची फळी खरी आणि कष्टाळूची खोटी?

दुसऱ्या खेपेला ट्रक आला, तेव्हा वस्तीतल्या बायका पोत्यांवर बसल्या होत्या.

"उठा, माल भरायचाय," व्यापारी म्हणाला.

"कडी वर येईल, मग पोतं हलेल."

"दुसरा ट्रक येणार आहे का तुमच्याकडे?"

"नाही ना. म्हणून तर आम्ही तुम्हाला सांगतोय. कडी आणा."

तो रिकामा ट्रक घेऊन तणतणत उतरला. तिसऱ्या दिवशी कडी घेऊनच आला. आमच्या घराची सहा पोती लहानांतून मोठ्यांत गेली. नवऱ्याने खुंटीवरची पिशवी काढून कपडे पुन्हा फडताळात रचले. पण मागच्या चौदा हंगामांचं कोण देणार? कोणी नाही.

वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला सगळेच सांगतात, मित्रांनो. जरूर राखा. पण मापाची निगा म्हणजे नुसतं घासणं नव्हे. ते मूळ मापाशी पुन्हा पुन्हा ताडून बघा, आणि ते मूळ माप दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका. आपल्या मेहनतीची वाहवा करून कोणी आपल्याच नुकसानीवर चहा पीत बसला असेल, तर त्याचा चहा आधी बंद करा.

आता माझ्या भोकावर बरोबर कडीच्या मापाचा, आतली कड दुमडलेला पत्रा ठोकला आहे. आजोबांना हल्ली कमी ऐकू येतं. झालेला तंटा त्यांच्या कानावर गेलेला नाही, आणि कोणी घातलेलाही नाही. आज ते पॉलिश पेपर घेऊन माझ्यापाशी आले. भोकात बोट घातलं, आणि ते तिथेच थांबलं. मग त्यांनी नातीला हाक मारून काहीतरी विचारलं. ती धावत आईकडे गेली.

"आई, आजोबा विचारतायत, एवढी छान फळी होती, तिला पत्रा का ठोकला? काय सांगू त्यांना?"