केसरबाईची गाणी

नातीचं, मनालीचं लग्न झालं त्याच साली माझी बायको केसरबाई बुलडाण्याच्या दवाखान्यात पडली. तिनं रचलेली भीमजयंतीची गाणी तिला लिहिलेली पाहायची होती. माझा हात कापतो, पेन धरवत नाही. म्हणून आमच्या धाड गावच्या मोबाइलच्या दुकानातून खाटेवर मावेल असा स्वस्तातला जुना टॅब घेतला. मराठी येते का, एवढंच विचारलं.

“फोनात आवाजच भरतो,” मी म्हणालो.

“नाही. लिहा. साठीत शाळेत काऊन पाठवलं होतं तुमाले?”

अक्षरं मी बाराखडीच्या ओळीनं शिकलो. टॅबच्या अक्षरांना ती ओळ नव्हती. ‘भ’ शोधेपर्यंत तिला पुढचा शब्द आठवेनासा व्हायचा.

“मी जाईपर्यंत सापडन का?” ती हसायची.

पहिल्या गाण्याच्या दोनच ओळी लिहून झाल्या. केसरबाई ११ डिसेंबर २०२२ रोजी सकाळी वारली.