बंधुराजांची गाडी ऑइल पिते

आमच्या बंधुराजांनी आयुष्यात मनापासून एकच काम केलं, ते म्हणजे पुसणं. गाडी पुसणं. आमच्या वडिलांच्या तरुणपणाच्या काळातली एक जुनी मोटार त्यांनी भंगारातून आणली, पत्रा ठोकून घेतला, रंग मारून घेतला, गाद्या शिवून घेतल्या. सगळं करून 'घेतलं', स्वतःच्या हाताने केलं ते फक्त पिवळं फडकं फिरवलं. आणि जुन्या गाड्यांच्या क्लबात छाती काढून सांगतात काय, तर ही गाडी मी उभी केली. उभी केली हे मात्र खरं. चालवली कुठे?

इंजिन माझ्या वर्कशॉपमध्ये झालं. इंजिनाचे झिजलेले सिलिंडर घासून नव्यासारखे करून द्यायचे, हा आमचा धंदा. नवरा गेल्यापासून मी एकटी चालवते. तसं तो होता तेव्हाही मीच चालवत होते, पण ते असो. इंजिन केलं चिंगीने, म्हणजे बंधुराजांच्या मुलीने. कॉलेज संपल्यावर सहज म्हणून माझ्याकडे यायला लागली आणि रमली. हात इतका स्वच्छ की बघत राहावं. बापाच्या मात्र ते डोळ्यांत खुपायचं. शेवटी त्याने अट घातली. "माझ्या गाडीचं इंजिन तू एकटीने कर. नीट झालं तर खुशाल आत्याकडे राहा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झालं तर मुकाट्याने माझ्या मित्राच्या ऑफिसात खुर्चीवर बसायचं." पोरीने हसत हसत कबूल केलं. इंजिन तिने असं बांधलं की मला बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मी बोट ठेवण्यात कमी पडणारी बाई नव्हे.

पुढे एके दिवशी बंधुराजांचा फोन. "ताई, गाडी ऑइल पितेय. निळा धूर. ये आणि बघ तुझ्या शिष्येने काय दिवे लावलेत ते."

गेले. गॅरेजात गाडी आरशासारखी चकाकत होती. शेजारी क्लबातला एक शहाणा पँटच्या खिशात हात घालून उभा. त्याला मी मनातल्या मनात मोटारमहर्षी म्हणते. याने आयुष्यात एक नट उघडला असेल तर शपथ, पण मत सगळ्यांआधी तयार.

"पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्यात," महर्षी म्हणाले. "असं होतंच. पोरीबाळींचं काम नाही हो हे."

चिंगी भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. तिची नजर माझ्यावर, तिच्या बापाची फडक्यावर.

"अट ती अट," बंधुराज म्हणाले. "सोमवारी ऑफिस."

"आधी बघू तरी देशील?" मी म्हटलं, आणि पदर खोचला.

आता ऑइल जातं कुठे, हे शोधायला महर्षी लागत नाहीत. एक तर ते बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं. गाडीखाली पुठ्ठा सरकवला, इंजिन तापवलं, बंद करून थांबलो. पुठ्ठा कोरडा. म्हणजे जळतंय. मग चिंगीला अॅक्सिलरेटरचं पेडल दाबायला लावून मी धुराजवळ बसले. वरच्या वॉल्व्हमधून ऑइल उतरत असेल तर पेडल सोडल्यावर धूर जास्त निघतो. इथे दाबल्यावर निघत होता, तोही भसाभस. म्हणजे रिंगा. महर्षींनी लगेच मान डोलावली, जसं काही त्यांनीच शोधलं.

"थांबा," मी म्हटलं, आणि चारही प्लग काढले. चारही सारखेच ओले. चारही सिलिंडरमधला दाब मोजला, तोही सगळीकडे सारखाच कमी. एखादी रिंग चुकली असती तर एक सिलिंडर रडला असता. इथे चौघांनी एका सुरात गळा काढला होता. मग प्लगच्या भोकातून बारीक दिवा आत सोडला. सिलिंडरच्या भिंतींवर ऑइल धरून ठेवायला चिंगीने घासून काढलेल्या आडव्यातिडव्या रेषा जशाच्या तशा होत्या, पण त्यांच्यावर काचेसारखा थर चढलेला.

तिथेच मला कळलं. टायर बघितले. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते सगळे शाबूत. आतून भावजय चहाचं विचारायला आली, तिला मी म्हटलं, "हा रोज गाडी चालवतो का गं?"

"कुठली चालवतात! रोज सकाळी सुरू करून नुसते शेजारी बसतात. पडद्यांना वास लागलाय त्या धुराचा."

नव्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींवर घासून बसाव्या लागतात. त्यासाठी इंजिनाला ओझं लागतं, चढ लागतो, जोर लागतो. नुसतं जागेवर गुरगुरत ठेवलं की रिंगा भिंतीवर दाबल्याच जात नाहीत, ऑइल भिंतीवरच भाजतं, काच होते, आणि रिंगा तिच्यावरून घसरत राहतात. तेच मी बंधुराजांना सांगितलं, अगदी शाळेतल्या पोराला सांगावं तसं. वर हेही सुनावलं की गाडी देताना चिंगीने माझ्यासमोर बजावलं होतं, बाबा, चढावर दामटा, जागेवर चालू ठेवू नका. पण अक्कल गहाण टाकलेल्या माणसाला कोण काय सांगणार! मला खरं सांगायचं तर मजा येत होती. लहानपणापासून हा असाच मठ्ठ, असं मी स्वतःशी म्हणत होते.

"अजून वेळ गेलेली नाही," मी म्हटलं. "काच पातळ आहे. आत्ता चढावर नेऊ. बसल्या रिंगा तर बसल्या, नाहीतर पुन्हा उघडू."

महर्षींना अचानक काम आठवलं. ते गॅरेजातच थांबले, फोनवर. चिंगी चालवायला बसली, मी शेजारी, बंधुराज मागे, गादीवर चादर अंथरून.

गावाबाहेरचा लांब चढ. चिंगीने पाय दाबला आणि मागे निळा पडदा उभा राहिला. माथ्यावरून उतार लागला तसा समोरून ट्रक आला. पोर दचकली आणि तिने क्लच दाबला.

"क्लच नको!" मागून बंधुराज म्हणाले. "गिअरमध्येच ठेव आणि पेडल सोडून दे. आत ओढ तयार होते, ऑइल वर खेचलं जातं, घासलेला सगळा कचरा धुऊन निघतो. मग पुन्हा चढ. रिंगा अशाच बसतात."

 मी मान वळवून मागे बघितलं. हे तर मी त्याला सांगितलंच नव्हतं. चिंगीनेही नाही. ज्याला इंजिन आतून कळतं त्यालाच हे माहीत असतं.

"तुला कोणी शिकवलं हे?" मी विचारलं.

तो खिशातल्या रुमालाने काच पुसायला लागला.

"बाबा," चिंगी आरशात बघत म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"माहीत असलं म्हणून काय झालं?" तो म्हणाला. आवाज जराही चढला नाही. तुझ्या भल्यासाठीच रोज जागेवर चालू ठेवली. सरळ नाही म्हटलं असतं तर ऐकलं असतंस? आत्याकडे बघ जरा. नखांतलं काळं जन्मात निघालं नाही तिच्या. चार लोकांत ही माझी बहीण म्हणून सांगायचं तर मला दोनदा विचार करावा लागतो. तुझंही तेच होऊ देऊ?"

मी पुढच्या सीटवर बसले होते. त्याच्यापासून हातभर अंतरावर. मला फार लागलं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

 चिंगीने गाडी वळवली आणि पुन्हा चढावर घातली. चढ, उतार, पुन्हा चढ. दात आवळून चालवत होती. प्रत्येक चढाला मागचा पडदा विरळ होत गेला, आणि उन्हं कलली तेव्हा आरशात स्वच्छ रस्ता दिसायला लागला.

गॅरेजात आल्यावर तिने स्वतः प्लग काढले. कोरडे, बिस्किटासारखे तपकिरी. बापापुढे धरले.

"बरं," तो म्हणाला. "राहा मग आत्याकडे. मी शब्द पाळतो."

महर्षी फोन ठेवून पुढे आले. "काय निघालं शेवटी?"

चिंगीने हात पुसले. "बाबांना विचारा," ती म्हणाली. "त्यांना पहिल्यापासून माहीत होतं."

मग तिने स्वतःचे पाने गोळा केले आणि माझ्या गाडीत जाऊन बसली. आयुष्यभर मी भावाला मूर्ख समजत आले. नुसता मूर्ख असता तर मी चहाला थांबले असते. भावजयीने कप भरलेसुद्धा होते.