रेझिन घट्ट होण्याआधी

बुधाजी मिस्त्री नायगावच्या बिऱ्हाडी आला तेव्हा उर्मिला कागद वाळत घालत होती. गॅलरीतल्या दोरीवर अबरीचे ओले ताव लटकत होते, निळ्यात पांढऱ्या नागमोडी रेषा उमटलेले. गिरगावातला एक बाइंडर पुस्तकांच्या पुठ्ठ्यांसाठी ते घेऊन जाई. परातीतल्या डिंकाच्या पाण्यावर रंग सोडायचे, काडीने फिरवायचे आणि वर कागद टेकवून अलगद उचलायचा. लग्नाआधी आर्ट स्कूलमध्ये शिकलेल्या गोष्टींपैकी एवढी एकच तिच्या हाताशी उरली होती.

"ताईनू, धाकल्या मालकान बोलवल्यान हा," बुधाजी दारातूनच म्हणाला. "कारखान्यात एक काम अडलाहा. रंग लावूक गेलो की सगळो चिखल होता."

"मनूने? मला बोलावलंय?"

"होय. स्वतः येवचे होते. मगे म्हणाले, तू जा."

मनमोहन हा उर्मिलेचा धाकटा भाऊ. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या ओळीत त्यांच्या वडिलांनी होड्यांचा कारखाना काढला होता. क्लबातल्या साहेबांसाठी तिथे शिडाच्या हलक्या होड्या बनत. साहेब मायदेशी गेले तशी गिऱ्हाइकं आटली, तरी वडिलांच्या मागे मनमोहनने कारखाना कसाबसा चालू ठेवला होता. बुधाजी वडिलांच्या वेळचा सुतार, म्हणून तो मनमोहनला अजून धाकला मालकच म्हणे.

भावाबहिणीचं बोलणं बंद झाल्याला दोन वर्षं उलटून गेली होती.

छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि शहर पेटलं. उर्मिलेचा नवरा माधव विमा कंपनीत कारकून. एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या दिवशी तो गिरगावातल्या मोर्चात गेला. गोळीबार सुरू झाला, लोक वाट फुटेल तिकडे धावले. माधव धावत ठाकूरद्वारला सासुरवाडीच्या दाराशी पोचला. त्याने दार वाजवलं. दार उघडलं नाही. तो परत रस्त्यावर आला आणि गर्दीच्या लोंढ्यात पडला. अंगावरून माणसं गेली. गुडघ्याची वाटी फुटली, ती नीट सांधलीच नाही. तेव्हापासून तो काठी घेऊन चालत होता.

मनमोहन त्या वेळी घरात होता. त्याचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबई वेगळी राहावी, ती कोणाच्याच पदरात पडू नये, असं तो उघड म्हणे. "आमच्या पूर्वजांनी इथे घरं बांधली तेव्हा तुमचा महाराष्ट्र कुठे होता?" असं त्याने एकदा भर पंगतीत माधवला विचारलंही होतं. मत वेगळं असणं निराळं आणि दार न उघडणं निराळं, असं उर्मिलेला वाटे. तिने भावाला जाब विचारला नाही. तिने माहेरी जाणंच सोडलं. पुढच्या वर्षी पावसाळ्यात आई वारली तेव्हा ती गेली, तेराव्यापर्यंत राहिली, आणि भावाशी अवाक्षर न बोलता परत आली.

संध्याकाळी माधव ऑफिसातून आल्यावर तिने बुधाजीचा निरोप सांगितला.

"जा की," माधव बूट काढत म्हणाला.

"तुम्हाला चालेल?"

"तुला काम करायचं असेल तर जा. माझ्यासाठी जाऊ नको आणि माझ्यासाठी थांबूही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

कारखान्यात दोन लाकडी घोड्यांवर एक लांबलचक फळी आडवी ठेवली होती. पुढे निमुळती, मध्ये रुंद, कडा गोल तासलेल्या. हलकी व्हावी म्हणून बुधाजीने ती सावरीच्या लाकडाची केली होती. ज्याच्या काड्यापेटीच्या काड्या करतात तेच लाकूड. भिंतीशी तशाच आणखी फळ्या उभ्या होत्या. एक मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवली होती. उर्मिलेने ती वळवून पाहिली. तिच्यावर शेणासारखा करडा-तपकिरी रंग बसला होता.

"ती बिघडली," मनमोहन म्हणाला. तो तिच्याकडे न बघता फळीकडे बघून बोलत होता. पूर्वीपेक्षा वाळला होता, कानाजवळचे केस पांढरे झाले होते. "तुर्भ्याच्या तेल कारखान्यात हॉब्स म्हणून अमेरिकन इंजिनियर आहे. त्याच्या गावी लोक अशा फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत येतात. त्याला नि त्याच्या मित्रांना त्या इथे करून हव्यात. काचेच्या धाग्यांचं कापड, रेझिनचं पिंप, रंगाचे डबे, सगळं बोटीने त्यानेच मागवलं."

त्याने एक रंगीत फोटो पुढे केला. वाळूत रोवलेल्या फळ्यांवर रंगांचे पट्टे एकमेकांत वळसे घेत गेले होते, पण कुठेही मिसळले नव्हते. अकीकाचा खडा चिरला की आत दिसतात तसे.

"हे ब्रशचं काम नाही," उर्मिला म्हणाली.

"ते कळलं मला. म्हणून तर बोलावलं."

त्याने तिला काम समजावलं. लाकडावर काचेचं कापड अंथरायचं आणि त्यावर पातळ मधासारखं रेझिन ओतून ते रबरी पट्टीने कापडात मुरवायचं. रंग रेझिनमध्येच कालवायचा. घट्ट व्हायला त्यात हार्डनरचे थेंब टाकावे लागतात, आणि एकदा ते टाकले की थांबता येत नाही. मुंबईच्या उकाड्यात तर रेझिन बघता बघता पिठल्यासारखं आळतं, मग दगड होतं. एकट्याने ओतणं आणि पट्टी ओढणं दोन्ही जमत नाही.

"बुधाजीला घेऊन केलं मी. गडबडीत फार वेळा पट्टी फिरली, सगळे रंग एक झाले."

उर्मिलेने फळीला हात लावला नाही. आधी तिने टाकाऊ लाकडाचे तुकडे मागितले. पहिल्या तुकड्यावर रंग विखुरले, दुसऱ्यावर पांढऱ्याने निळा खाऊन टाकला. रेझिनचा उग्र, गोडसर वास डोक्यात चढत होता. मधूनमधून ती कारखान्याच्या दारात जाऊन उभी राही आणि परत येई. अबरीत रंग पाण्यावर तरंगतो, इथे तो स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतो, हे तिला हळूहळू उमगलं. तिने पांढरा जाडसर कालवला, निळा आणि तांबडा पातळ. तिन्ही एका बादलीत धारेने सोडले आणि काठी एकदाच फिरवून बाहेर काढली. त्या तुकड्यावर जे उमटलं ते पाहून बुधाजी म्हणाला, "ह्या बरा दिसता."

"पट्टी मधून कडेला, एकाच दिशेने," तिने मनमोहनला सांगितलं. "गेलेल्या जागी परत जायचं नाही. चुकलं तरी जायचं नाही."

"ठीक."

बुधाजी भाकरी खायला बाहेर गेला होता तेव्हा त्यांनी खरी फळी घेतली. मनमोहनने हार्डनर टाकला. उर्मिलेने बादली उचलून फळीच्या मधोमध एक लांब, सापासारखी धार सोडली. रंगांचे वळसे कापडावर पसरले, कापडाची पांढुरकी छटा जाऊन ते काचेसारखं नितळ झालं. मनमोहनची पट्टी तिच्या मागे सरकू लागली. त्याचा हात वडिलांसारखाच संथ होता. कडेवरून रंगीत ओघळ खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर ठिबकत होते.

हे विचारायचं असं ठरवून ती आली नव्हती. पण भाऊ समोर होता आणि त्याला हातातलं टाकून जाता येणार नव्हतं.

"त्या दिवशी दार वाजलेलं तू ऐकलंस?"

पट्टी क्षणभर अडखळली.

"हात थांबवू नकोस," ती म्हणाली. "डाग पडेल."

त्याने पट्टी पुढे ओढली. "ऐकलं."

"मग?"

"मी उठलो होतो. आई दाराशी आडवी उभी राहिली. म्हणाली, पोलीस असतील, दिसेल त्याला धरतायत, तुलाही उचलून नेतील. तिने कडीवर हात ठेवला होता. मी तो हात काढला नाही."

"माधव आहेत हे तुला ठाऊक होतं?"

"नाही." तो फळीच्या निमुळत्या टोकाशी पोचला होता. "मनात येऊन गेलं, तो असेल म्हणून. गिरगावात आलाय हे माहीत होतं मला."

"आई गेली, आता तिच्यावर ढकलणं सोपं आहे."

"तू हेच म्हणशील हे ठाऊक होतं. म्हणून तर आलो नाही सांगायला."

उर्मिलेने बादलीतला उरलेला रंग टोकावर ओतला. रेझिन आता जड झालं होतं, धारेला ताण येत होता. "पुरे," ती म्हणाली. "हात काढ."

दोघं मागे सरून उभी राहिली. पांढऱ्यातून निळा आणि तांबडा वळत गेले होते, एका ठिकाणी तांबड्याचा डोळा झाला होता. मनमोहन अडखळला होता तिथे पट्टा जरा रुंद पडला होता, पण वाईट दिसत नव्हता. तिला रडू आलं नाही, राग गेल्यासारखंही वाटलं नाही. हात चिकट झाले होते आणि ते कशाने धुवायचे एवढंच तिने विचारलं.

घरी आल्यावर तिने सगळं माधवला जसंच्या तसं सांगितलं. तो गुडघ्याला तेल चोळत होता.

"मी दोनदाच वाजवलं होतं दार," तो म्हणाला. "तेही हळू. नाव सांगितलं नाही."

"का?"

"जावई मी. बाहेरून हाका मारत, मला आत घ्या म्हणायची लाज वाटली. त्यात मनमोहनचं बोलणं डोक्यात होतं. हाक मारली असती तर कदाचित उघडलं असतं त्यांनी. कदाचित नसतंही."

"दोन वर्षं हे बोलला नाहीत?"

"तू रागावली होतीस ते मला बरं वाटत होतं," माधव म्हणाला आणि तेलाची बाटली बंद केली.

काही दिवस उर्मिला त्याच्याशीही तुटक वागली. पण कारखान्यात जात राहिली, कारण उरलेल्या फळ्या रंगवायच्या होत्या. भावाशी बोलणं होई ते रंगाचं, उन्हाचं, हार्डनरच्या थेंबांचं. हॉब्सने फळ्या नेल्या, खूश झाला, मित्रांसाठी आणखी सांगितल्या. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर त्याला लाटेवरून उभ्याने येताना बुधाजी पाहून आला आणि पुढे कितीतरी दिवस ते हातवारे करून सांगत राहिला. मग हॉब्सची बदली झाली आणि रेझिनही संपलं. इथे ते मिळेना, बाहेरून आणायला परवाना मिळेना. कारखाना पुन्हा होड्यांच्या डागडुजीवर आला आणि उर्मिला अबरीच्या परातीकडे.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ती माहेरी गेली नाही. दुपारी मनमोहनच मिठाईचा पुडा घेऊन नायगावला आला. ओवाळून झालं, पानं वाढली. पहिली काही मिनिटं दोघं पुरुष खाली मान घालून जेवले. मग माधवने सहज कोणत्याशा सभेचा विषय काढला आणि मनमोहन म्हणाला, "तुम्ही किती सभा घ्या, मुंबई काही मिळत नाही तुम्हाला."

"मिळणार."

"कोण देणार?"

"मागतंय कोण? आमचीच आहे ती."

"तुमची? तुम्ही आलात कधी इथे?"

आवाज चढले. शेजारच्या सुंदराबाई काय झालं म्हणून डोकावून गेल्या. माधवने काठी भिंतीला टेकवून ठेवली होती ती बोलण्याच्या भरात त्याच्याच कोपराने घसरून खाली पडली. मनमोहनने वाद न थांबवता ती उचलून जागेवर ठेवली आणि पुढचा मुद्दा काढला. उर्मिलेने दोघांच्या पानात गरम पुरी टाकली, स्वतःचं पान वाढून घेतलं आणि त्यांच्यात जेवायला बसली.