पहिला घोट

माझी सासू तानी कुणालाही औषध देताना पहिला घोट स्वतः पिते, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. आमच्या पाड्यावरची ही जुनी रीत. देणाऱ्यानं प्यायलं नाही, तर घेणारा तोंडाला लावत नाही. या एका घोटावर तिचं नाव मनोरपासून बोईसरपर्यंत गेलं, आणि त्याच नावापायी मेहुलशेठ आमच्या दारात आला.

बोईसरला त्याचं दुकान आहे. सासूनं खुडलेल्या ब्राह्मीचा रस तो बाटल्यांत भरून विकणार होता, बाटलीवर सासूचा फोटो. पोरं हुशार होतात म्हणून आया हा रस रोज सकाळी पाजतात. माझ्या दर्पणलाही मी पाजत होते. डोंगरातले ओहोळ उन्हाळ्यात आटतात, म्हणून ब्राह्मी कारखान्यांच्या नाल्याकाठून आणावी लागे. तिथं ती बारा महिने हिरवीगार, पानं अशी जाड की बघून जीव हरखावा.

मला मात्र त्या नाल्याच्या वासानं शंका यायची. शेवटी मी जुडीभर पाला पालघरला कॉलेजात शिकणाऱ्या नणंदेकडे, उन्नतीकडे, दिला. तिच्या बाईंनी तो प्रयोगशाळेत तपासून घेतला. पाल्यात शिसं निघालं, पोरांना देऊच नये इतकं. उन्नतीनं घरी येऊन समजावलं: शिसं पाण्यातून मुळांत आणि मुळांतून पानांत चढतं, धुऊन जात नाही, उकळून जात नाही, आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं की अंगात साठत राहतं. मी दर्पणची बाटली उकिरड्यावर ओतली आणि खूप रडले. सासू रडली नाही. उठली आणि मेहुलशेठला सगळं सांगून आली.

शेठ हसला म्हणे. पाला नीट धुऊन घेऊ, म्हणाला. मनोरच्या बाजारात त्यानं ठरल्याप्रमाणे बाटल्या विकायला मंडप घातला; तिथं सगळ्यांसमोर सासूनं पहिला घोट घ्यायचा होता. त्यानं सासूला न्यायला रिक्षाही पाठवली. ती मुकाट रिक्षात बसली, तेव्हा मला तिचा रागच आला. मीही सोबत चढले.

मंडपात आयाबाया पोरं घेऊन जमल्या होत्या. शेठनं पेल्यात रस ओतला, स्वतः गटागट प्यायला, मिशी पुसली आणि विचारलं, झालं का मला काही? लोक हसले. मग त्यानं दुसरा पेला सासूपुढे धरला.

तिनं तो घेतला आणि जमिनीवर ठेवून दिला.

"येका घोटानं कोनाला काय व्हत नाय," ती म्हणाली. "इतकी वर्सं मीबी पिते, मीबी उबी हाय. पन ह्यात शिसं हाय, पोरांच्या आंगात रोज साठतंय. मी पिनार नाय. तुमीबी पाजू नका."

मग आमच्या पाड्यावरची चंद्रकांता कडेवर पोर घेऊन पुढे आली. "मंग आजवर तू दिलंस ते?"

"तेबी त्याच नाल्याचं. मला ठावं नव्हतं. दवाखान्यात पोराचं रगत तपासून घे, मी येते संगती."

चंद्रकांतानं तिच्याकडे असं पाहिलं, की मलाच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पोराला छातीशी धरून ती निघून गेली. शेठ दातओठ खात सासूजवळ आला आणि म्हणाला, आता तुझ्या हातचं पाणी तरी कोण पिईल? नाही प्यायलं कुणी तर नाही, सासू म्हणाली. पाला वाईट नाही, पाणी नासवलंय, आणि हे ती कारखान्यांच्या दारात जाऊनही सांगणार आहे, असंही तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग ती मंडपाच्या तोंडाशीच मांडी घालून बसली. येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगू लागली. काहींनी तिला शिव्या घातल्या, बहुतेक जणी मागे वळल्या. शेठनं घरी जा म्हणून आधी विनवलं, मग धमकावलं.

"तुजा मंडप उठला का जाईन," ती म्हणाली.

इतका अभिमान आणि इतकी भीती मला एकदम कधी वाटली नव्हती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. दुपार कलायच्या आत शेठच्या माणसांनी मंडपाचे बांबू सोडायला घेतले.