बुडालेल्या जहाजाचं नाव

माझी बायको मैना गेली ते मला कशेळीच्या पुलाखाली कळलं. तारीख ११ मार्च १९८९, शनिवार.

ती चार दिवस भिवंडीत दवाखान्यात होती. कावीळ झाली होती. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, ताप उतरलाय, सोमवारी घरी न्या. म्हणून शनिवारी सकाळी मी पडाव, म्हणजे आमची रेतीची मोठी होडी, घेऊन खाडीत रेतीला गेलो. माझी माणसं डुबी मारून खाडीच्या तळाची रेती बादल्यांनी वर देत होती. मी वर पाहिलं तर पुलाच्या कठड्याशी गुलाम हुसेन उभा होता. तो भिवंडीतला पेंटर. लूमवाल्यांच्या पाट्या रंगवतो आणि आमच्या काल्हेरच्या पडावांवर नावंही तोच घालतो. दवाखाना त्याच्या घरासमोर, म्हणून मैनेकडे लक्ष ठेवायला त्याला सांगितलं होतं. तो काही ओरडला नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिला. तीस वर्षांत मी त्याला उघड्या डोक्याने पाहिलं नव्हतं. मला समजलं.

मी चांगलं बोलणारा माणूस नाही. सातवीपर्यंत शिकलो. पण हे लिहायला हवं, कारण मैनेची एक गोष्ट मी सतरा वर्षं ऐकली नाही.

तिचा धाकटा भाऊ मोरू नेव्हीत खलाशी होता. आई लवकर गेल्यामुळे त्याला मैनेनेच वाढवलं. सुट्टीवर आला की तो आमच्याकडे उतरायचा आणि जहाजाच्या गोष्टी सांगायचा. त्याचं जहाज खुकरी. त्याच जातीची आणखी दोन होती, किरपाण आणि कुठार. तिन्ही हत्यारांची नावं. मोरू म्हणायचा, आमच्याकडे नावं अशी घराण्याने चालतात. डोंगरांचं घराणं वेगळं, हत्यारांचं वेगळं. एकदा जेवताना त्याने सांगितलं, "जुनं जहाज भंगारात गेलं ना बाय, की त्याचं नाव फेकत न्हाईत. ठेवून देतात. नवीन आलं की त्याला देतात."

मैना म्हणाली, "म्हंजे आजीचं नाव नातीला ठेवतो तसं?"

"तसंच. फक्त बारशाला घुगऱ्या न्हाय देत."

"मग कसलं बारसं रं तुमचं?"

"नारळ फोडतात. ते पन बाईच्या हातानं. कितीबी मोठा साहेब असू दे, नारळ बाईच फोडनार आनि नाव तीच घेनार."

डिसेंबर एकाहत्तरच्या लढाईत दीवच्या समुद्रात खुकरी बुडाली. मोरू तिच्यावर होता. तार आली. दुसरं काही आलं नाही.

पुढच्या वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ महादू, दोघांनी मिळून नवा पडाव बांधला. मैना म्हणाली, "नाव खुकरी ठेवा." तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट असेल. मी नाही म्हटलं. आमच्या खाडीत बुडालेल्या होडीचं नाव पुन्हा पाण्यात आणत नाहीत. पाणी नाव ओळखतं, असं जुनी माणसं सांगायची. शिवाय आई त्याच साली वारली होती. पडावाचं नाव 'जानूबाई' ठेवलं. आईचंच नाव.

मैना भांडली नाही. पण त्या पडावावर तिने कधी पाय ठेवला नाही. नारळी पुनवेला बाकीच्या बायका पडावावर चढून नारळ सोडायच्या. ही माझ्या भावजयीला, कमळाला, घेऊन काठावर उभी राहायची आणि तिथूनच नारळ टाकायची. मला वाटायचं, हिला भरल्या पाण्याची भीती बसली.

शहाऐंशीच्या डिसेंबरात पेपरात आलं की माझगावच्या गोदीत नवी खुकरी पाण्यात सोडली. मी तिला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एवढ्या मोठ्या नेव्हीला भ्या न्हाय वाटलं. तुमाला एका पडावाचं वाटलं." मग म्हणाली, "गरम हाय तवर खाऊन घ्या."

ती गेल्यावर पाच महिन्यांनी, ऑगस्टात, तेच जहाज नेव्हीत रीतसर दाखल झालं. ती बातमी मी दोनदा वाचली. वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, पडावाचं नाव बदलायचं. पावसाळ्यात पडाव डांबर लावायला काठावर ओढला होता. त्या साली माझं लक्ष नव्हतं म्हणून काम लांबलं होतं, बाकीच्यांचे पडाव कधीच पाण्यात गेले होते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उधाणाची भरती होती. ती चुकली की पितृपक्ष लागतो, त्यात कोणी पडाव उतरवत नाही, म्हणजे महिना गेला. मी ठरवलं, त्याच भरतीला नव्या नावानं उतरवायचा.

गुलाम हुसेनला बोलावलं. तो रंगाचे डबे घेऊन आला आणि पडावासमोर बसून राहिला.

"तुळशीराम, मी पाट्यावाला मानूस. सांगशील ते लिहीन. पन महादूला विचारलंस काय?"

"विचारतो. तू जुनं खरवड."

"आधी विचार. मग खरवडतो. तुमच्या दोघांच्या मदी माझा ब्रश नको."

महादूला विचारलं. तो ओटीवर बसला होता. ऐकून त्याचा चेहरा बदलला. "दादा, आईचं नाव पुसून बुडालेल्या जहाजाचं नाव टाकनार? तुला कोनी काय केलंय का?"

"कोणी काही केलं नाही. मैनेने मागितलं होतं."

"वहिनीनं मागितलं होतं, मला ठावं हाय. तवा तू न्हाय म्हनलास. तवा बरोबर हुतं, आता चूक झालं?"

"तेव्हाच चूक होतं."

"आनि आई?"

त्याचं मला उत्तर द्यायचं होतं. मी त्याला मोरूचं सांगितलं. नाव पुसायचं नाही, ठेवून द्यायचं. पुढचा पडाव बांधू त्याला आईचं नाव देऊ. नेव्हीत असंच करतात.

"नेव्हीकडं सरकार हाय," महादू म्हणाला. "आपल्याकडं कोन हाय? आपला पुढचा पडाव कुनी बघितलाय?"

"मी बांधीन."

"वय काय तुजं?"

"अठ्ठावन्न."

तो हसला, पण चांगलं हसला नाही. "अर्धा पडाव माजा हाय. बंदर ऑफिसात नाव बदलायचं तर दोघांची सही लागते. मी देनार न्हाय. आनि एकबी मानूस चढनार न्हाय त्या नावाच्या पडावावर, बघ तू."

ते त्याचं खरं निघालं. आमचा तांडेल केसरीनाथ, वीस वर्षं त्या पडावाचं सुकाणू धरणारा, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, "शेठ, तुमी सांगाल तिकडं नेईन. पन ह्या नावानं न्हाय. मला तीन पोरी हायेत."

"केसरीनाथ, पडाव तोच आहे. लाकूड तेच."

"लाकडाला कोन भितंय?"

मी एकट्याने न्यायचं ठरवलं. एकट्या माणसाला पडाव नेता येत नाही, हे मलाही माहीत होतं. पण पुलापर्यंत नेऊन आणला तरी पुरे, असं मनात धरलं. गुलाम हुसेनने शेवटी नाव घातलं. म्हणाला, "जानूबाई लाल होती. ही कोनत्या रंगाची?" मी पांढरा सांगितला, जहाजावर असतो तसा. महादूचा नकार ऐकून त्याने एकच अट घातली होती, जुनं नाव खरवडणार नाही. आईच्या नावाची पाटी पुढच्या फळीवर होती. ती त्याने खिळे काढून अख्खी सोडवली, पुसली आणि माझ्या हातात दिली. "हे फेकू नको," एवढंच म्हणाला.

भरतीच्या दिवशी दुपारी सगळं काल्हेर बंदरावर आलं. मदतीला नाही, बघायला. महादू वडाखाली पाठ करून उभा होता. पडावाखाली ओंडके लावलेले, पाणी वर चढत होतं. दोर ओढायला गुलाम हुसेन आणि मी. गुलाम हुसेन पासष्टचा.

"दोन म्हातारे आनि एक खुकरी," तो म्हणाला. "तुमची नेव्ही लई जोरात हाय, तुळशीराम."

मी खाली ठेवलेला नारळ उचलला. तेवढ्यात कमळा गर्दीतून पुढे आली. बत्तीस वर्षांत ती माझ्याशी मान वर करून बोलली नव्हती. थोरल्या दिरासमोर पदर डोक्यावर आणि नजर जमिनीवर, अशी तिची रीत. पदर तेव्हाही डोक्यावर होता, पण ती सरळ माझ्यापर्यंत आली.

"भावजी, नारळ माज्याकडं द्या. हे काम बाईचं हाय, मैनाताईनं सांगितलंय मला."

महादू वळला. "कमळे, घरी जा."

"जाईन. भाकऱ्या टाकूनच आलेय." मग ती केसरीनाथकडे वळली. "तांडेल, तुमी कशाला भिता? पानी नाव ओळखतंय म्हनून?"

केसरीनाथने मान डोलावली.

"मैनाताई दर नारळी पुनवेला काठावरून नारळ टाकायची, तो काय म्हनून टाकायची? मी शेजारी उभी असायची. खुकरी म्हनायची आनि टाकायची. सतरा वर्सं टाकला. सतरा वर्सं ते नाव ह्याच पान्यात पडलंय आनि तुमी त्याच पान्यावर पडाव चालवलाय. काय झालं तुमाला? पोरी तर तीन झाल्या."

दोघे-तिघे हसले. केसरीनाथ हसला नाही. तो पाण्याकडे बघत उभा राहिला.

मला हे माहीत नव्हतं. सतरा वर्षं मी पडावावरून तिला काठावर उभी बघत होतो. ओठ हलताना दिसायचे, मला वाटायचं देवाचं नाव घेते. एवढ्या वर्षांत विचारलं नाही.

मी नारळ कमळाच्या हातात दिला. तिने तो पडावाच्या नाकावर फोडला, पाणी लाकडावर शिंपडलं आणि मोठ्याने नाव घेतलं. सगळ्या बंदराला ऐकू गेलं. केसरीनाथ चपला काढून पुढे आला आणि त्याने गुलाम हुसेनच्या हातातला दोर घेतला. "चाचा, सरा. तुमी पडाल." त्याच्यामागून डुबीवाले पाच जण आले. सात जण होते, दोघे आले नाहीत. ते दुसऱ्या पडावावर गेले, आजही तिथेच आहेत. माझा त्यांच्यावर राग नाही.

पडाव पाण्यात गेला. आम्ही कशेळीच्या पुलापर्यंत नेला आणि भरती फिरायच्या आत परत आणला.

महादू तोवर घरी गेला होता. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. कमळा आत होती, आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी आईच्या नावाची पाटी त्याच्या ओटीवर ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव," मी म्हटलं. "पुढच्या पडावाला तूच लाव."

त्याने पाटी हातात घेतली. मग म्हणाला, "ज्या दिवशी आईच्या नावाचा पडाव पान्यात उतरंल, त्या दिवशी सही करीन. त्याच्या आदी न्हाय."

"ठीक आहे."

"मी चेष्टा करत न्हाय, दादा."

"मीही नाही."

त्याला आता दोन वर्षं झाली. खुकरी रोज रेतीला जाते. केसरीनाथच सुकाणूवर असतो. महादू हिशेबाला येतो, पडावावर चढत नाही. नारळी पुनवेला कमळा चढते. गेल्या वर्षी तिने केसरीनाथच्या मोठ्या पोरीलाही वर घेतलं.

नेव्हीची खुकरी मी अजून पाहिलेली नाही. नेव्ही डेच्या दिवसांत जहाजं लोकांना बघायला उघडी करतात असं म्हणतात. जाईन.

मी साठ वर्षांचा आहे. वडप्याहून सागाचे ओंडके आणून अंगणात टाकले आहेत. त्यातले चार कापून झाले. बंदर ऑफिसच्या कागदावर आमचा पडाव अजून जानूबाईच आहे, माझी सही झालेला अर्ज पेटीत पडून आहे. आईच्या नावाचा पडाव बांधायचा राहिला आहे.