हातमोजा, वापरलेला, उजवा

"कापा," सुपरवायझर म्हणाला.

कात्रीबाईने हातमोजा उलटसुलट करून पाहिला. करंगळीच्या शिवणीत एक टाका जरासा सरकला होता. एवढंच. बाकी जाड चामडं, आतून अस्तर, तळव्याला दुहेरी पट्टी. तापलेली सळई धरली तरी आतल्या हाताला पत्ता लागणार नाही असा माल.

"यात वाईट काय आहे, साहेब? एका टाक्याने कुणाचा हात जळत नाही."

"रोज रोज तेच काय, बाई? नापास म्हणजे नापास. इथल्या बाजारात गेला तर परदेशातलं गिऱ्हाईक बोंब मारेल. कापा."

तिने कापला. तळव्याच्या मधोमध, आडवा. करारातच तसं लिहिलं होतं म्हणे. नापास माल असा कापायचा की तो कुणाच्याच कामाचा राहू नये. एकोणीस वर्षं ती या कारखान्यात होती. चौदा वर्षं शिवणयंत्रावर, आणि पाठीने दगा दिल्यापासून पाच वर्षं तपासणीच्या टेबलावर. शिवत होती तेव्हा तिचा नंबर चारशे बारा होता. आता नंबर गेला होता आणि हातात कात्री आली होती. जीभ मात्र पहिल्यापासूनच कात्रीसारखी, त्यामुळे नाव पडायला वेळ लागला नाही.

आज मात्र तेवढं बोलून तिने ती जीभ दाताखाली धरली होती. टेबलाखालच्या पिशवीत एक हातमोजा होता, आणि तो या टेबलावरचा नव्हता.

शहराच्या या टोकाला माल बाहेर जायचा आणि त्या टोकाला माल आत यायचा. या टोकाला दिवे लख्ख, डोक्यावर पंखे, भिंतीवर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक. परदेशी गिऱ्हाईक कधी तपासायला येईल याचा नेम नाही, म्हणून सगळं आरशासारखं. त्या टोकाला तिचा नवरा काम करायचा. परदेशातून भंगाराचे दाबून बांधलेले गठ्ठे यायचे, ते फोडायचे आणि तारा, पत्रे, डबे वेगळे काढायचे. हाताला फडकं गुंडाळून. तिथे तपासायला कुणी येत नव्हतं. दुसऱ्याचा उकिरडा उपसणाऱ्यांकडे कोण बघतो? दोन महिन्यांपूर्वी गठ्ठ्याची ताणलेली तार सुटली आणि त्याच्या डाव्या तळव्यातून गेली. दोन बोटं वळायची बंद झाली. "उजवा शाबूत आहे ना?" असं म्हणून मुकादमाने त्याला आठव्या दिवशी पुन्हा गठ्ठ्यापुढे उभं केलं होतं.

आदल्या संध्याकाळी तो घरी आला तो उजवा हात पाठीमागे लपवून.

"ओळख पाहू, काय आणलंय?"

"आणखी एखादी जखम आणली असेल, दुसरं काय."

त्याने हात पुढे केला. हातात हातमोजा होता. तेलाने काळा पडलेला, बोटांच्या टोकांना झिजून गुळगुळीत झालेला, पण कुठे उसवलेला नव्हता.

"आजच्या गठ्ठ्यात निघाला. जोडीचा डावा शोध शोध शोधला, नाही मिळाला. आत बघ."

तिने मनगटाची पट्टी उलटली. शाई फिकट झाली होती, पण आकडे वाचता येत होते. चारशे बारा.

"दिल्या घरून लेक परत आली बघ तुझी," नवरा हसत म्हणाला. "राबून राबून पार काळवंडली बिचारी."

तिलाही हसू आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की हातातलं पातेलं तिने ओट्यावर आदळलं. तिने शिवलेला हातमोजा समुद्रापार गेला, तिकडच्या कुणाचा तरी हात त्याने वर्षानुवर्षं राखला, आणि कचरा झाल्यावर कुठे तो तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आला. घरापासून कारखाना पायी वीस मिनिटांवर होता.

"आतून घामाचा वास येतो," नवरा म्हणाला. "पाचही बोटं धड असणार त्या माणसाची."

"असू देत की. त्याच्यावर नाही माझा राग."

"मग कुणावर?"

"यादी करायला बसले तर स्वयंपाक राहील. अहो, उद्या हा मी घेऊन जाते. मालकांना दाखवते आणि सांगते, एक नापास जोडी न कापता द्या. इतक्या वर्षांत काही मागितलं नाही मी."

"मागून बघ. उद्याचा दिवस मी फडक्यावर काढतो. नाहीच म्हणाले तर हा एक आहेच."

सकाळी फाटकावरच अडलं. तिथला म्हातारा पहारेकरी म्हणजे नियमाचा पुतळा. कुणी छत्री आणली तरी तिची नोंद करायचा.

"काका, हा इथलाच आहे. मीच शिवलेला."

"बाहेरून आणतेस ना? मग आत येणारी वस्तू. हातमोजा, वापरलेला, उजवा, एक. कर सही."

"तुमच्या त्या वहीला आग लागो," असं पुटपुटत तिने सही केली.

दुपारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. निर्यातीत कारखाना पहिला आला होता, म्हणून व्यापार खात्याचे मोठे साहेब मानचिन्ह द्यायला आले होते. त्यांनी पडद्यावर दोन रकाने दाखवले, एक हिरवा आणि एक लाल.

"हे निर्यातीचं क्षेत्र बघा. शिस्त, दर्जा, सुरक्षितता! आणि हे आयातीचं. ढिसाळपणा, अस्वच्छता, अपघात. माणसं आपलीच, पण फरक केवढा! तिकडच्यांनी तुमच्याकडून शिकायला हवं."

टाळ्या पडल्या. कात्रीबाईचे हात मांडीवरून हलले नाहीत. मग ती उठली, आणि सुपरवायझरने डोळे वटारायच्या आत थेट साहेबांच्या टेबलापर्यंत गेली.

"साहेब, तिकडचा एक माझ्या घरात आहे. त्याने नेमकं काय शिकायचं, तेवढं सांगा." तिने पिशवीतला हातमोजा काढून मानचिन्हाशेजारी ठेवला. "हा मी शिवला. तुमच्या हिरव्या रकान्यातून गेला आणि लाल रकान्यातून भंगारात परत आला. तिकडची माणसं ढिसाळ नाहीत, साहेब. उघड्या हातांची आहेत. इथे रोज टोपलीभर धड हातमोजे मी या हातांनी कापते. त्यातली एक जोडी न कापता द्या. दुसरं काही मागत नाही."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी हातमोजा उचलला, शिवणी ताणून पाहिल्या, आतला नंबर पाहिला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"पाहिलंत, साहेब? कमीत कमी पाच वर्षं वापरलाय, आणि एक टाका निघालेला नाही! याला म्हणतात दर्जा!"

साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिला कुणीतरी मध्ये उभं केलं, फोटो काढला. "आणि जोडीचं?" असं ती विचारत होती, तेव्हा सुपरवायझर कानाशी येऊन म्हणाला, "करारात बसत नाही, बाई. तमाशा पुरे."

संध्याकाळपर्यंत हातमोजा दाराजवळच्या काचेच्या कपाटात गेला होता. साबणाने धुतलेला, आत कापूस ठासलेला. खाली छापील चिठ्ठी होती. 'वर्षं गेली, टाका नाही गेला.' मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात, ती मनात म्हणाली. परत मागितला तर मालक हसून म्हणाले, "अगं, तुझाच सन्मान आहे तो!"

चार दिवस ती त्या कपाटावरून आत गेली आणि बाहेर आली. चार दिवस नवरा फडकं बांधून गेला. चौथ्या दिवशी पत्र्याची धार फडक्यातून आरपार गेली आणि उजव्या अंगठ्याचं मूळ चिरलं.

"काही नाही गं, हलतोय अंगठा," तो म्हणाला. पण पाण्याचा पेला त्याला ना या हाताने उचलता आला, ना त्या. तिने तो त्याच्या ओठाला लावला. पाणी पिताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कपाटापुढे उभी राहिली. कुलूप नावालाच होतं, कात्रीच्या टोकाने निघालं. तिने हातमोजा काढून पिशवीत टाकला आणि त्या जागी सकाळी स्वतः कापलेली जोडी ठेवली, चिरलेले तळवे वर करून. चिठ्ठी होती तशीच राहू दिली.

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडली आणि मान हलवली.

"माल बाहेर जात नाही, बाई."

"हा माल नाही. काका, वही काढा तुमची. आत आलेल्या वस्तूंची."

तेवढ्यात मागून सुपरवायझर धावत आला. "अडवा तिला! कपाट फोडलंय तिने!"

म्हातारा हलला नाही. चष्मा नाकावर बसवून, बोटाला थुंकी लावून त्याने एकेक पान उलटलं.

"हातमोजा, वापरलेला, उजवा, एक. खाली सही हिची. साहेब, वस्तू हिने आत आणली त्याची नोंद आहे. हिने ती कारखान्याला दिली, त्याची नोंद कुठेय? दाखवा, मी अडवतो."

"नोंद कसली मागता? कंपनीची वस्तू आहे ती!"

"आयातीची आहे, साहेब," कात्रीबाई म्हणाली. "तुमच्या करारात बसत नाही."

"उद्यापासून तोंड दाखवू नकोस इथे!"

तिने कात्री पिशवीतून काढून त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने नोंदीपुढे 'परत नेला' असं लिहिलं आणि वही तिच्यापुढे सरकवली.

"या वहीला आग लागो म्हणाली होतीस," तो हळूच म्हणाला.

"जळो माझं तोंड, काका," ती म्हणाली आणि तिने सही केली.

सकाळी नवऱ्याला हातमोजा स्वतःचा स्वतः घालता येईना. डाव्याची दोन बोटं वळत नव्हती आणि उजव्या अंगठ्याला पट्टी होती. तिने त्याचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट आत बसवलं, अंगठा सगळ्यात शेवटी. करंगळीत कापूस राहिला होता, तो केसातल्या आकड्याने ओढून काढला.

"घामाचा वास गेला गं."

"साबणाने धुतलाय त्यांनी."

"मग तेवढं तरी काम केलं म्हणायचं," तो म्हणाला आणि डबा काखेत धरून निघाला.

कारखान्याचा भोंगा झाला. एकोणीस वर्षांच्या सवयीने ती उठली, पिशवी घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. रस्त्याच्या कडेने तो चालला होता. त्याचा एक हात चामड्यात होता आणि दुसरा उघडा.